निळी गोणी, पांढरी गोणी आणि एक्सआरडीचा कागद

निफाड तालुक्यात माझ्या धाकट्या भावाची साडेचार एकर द्राक्षबाग आहे. अर्धी काळ्या जमिनीत, अर्धी मुरमाड चढावर. मागच्या जूनमध्ये तो दोन गोण्या गाडीत टाकून थेट माझ्या नाशिकच्या फ्लॅटवर आला आणि म्हणाला, "ताई, तू पावडरच्या कंपनीत होतीस ना, मग हे खरं की खोटं ते सांग." दोन्ही गोण्या पंचवीस किलोच्या, दोन्हींवर मोठ्या अक्षरात 'नैसर्गिक झिओलाइट', म्हणजे खत धरून ठेवावं म्हणून जमिनीत घालतात ते खडे. निळी ९८० रुपयांची, पांढरी ६४० रुपयांची. कृषी सेवा केंद्रवाल्याने सांगितलं होतं की माल एकच आहे, फक्त कंपनी वेगळी. दुकानाचं आणि कंपन्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तसंही गोणीवरची नावं हंगामाला बदलतात. पण पुढे जे लिहिलंय ते वाचून तुम्ही कुठलीही गोणी तपासू शकाल.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे फुकटचा सल्ला वाटायला नको. मी सव्वीस वर्षं कपडे धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. पावडरीत पाणी मऊ करायला झिओलाइट घालतात, ४ए नावाचा. पूर्वी त्या जागी फॉस्फेट असायचं. त्याने नद्या-तळ्यांत शेवाळ माजतं, म्हणून ते मागे पडलं. म्हणजे झिओलाइट मी पोत्याने नाही, ट्रकने पाहिलाय.

आता गोण्या. दोन्हींच्या मागे रासायनिक पृथक्करण छापलं होतं. निळीवर सिलिका ६८ टक्के, ॲल्युमिना १२ टक्के. पांढरीवर सिलिका ७१, ॲल्युमिना १३. खाली थोडं पोटॅश, कॅल्शियम, सोडियम, लोह. पांढरीवर शिवाय सोनेरी शिक्का, '९८ टक्के शुद्ध'. भाऊ म्हणाला, "बघ, पांढऱ्यात जास्तच आहे सगळं, आणि स्वस्त." इथेच गोम आहे.

झिओलाइट हे रचनेचं नाव आहे. सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, ॲल्युमिनियमभोवती चार ऑक्सिजन, असे चौफलक कोपऱ्याला कोपरा लावून जोडत गेले की मध्ये पोकळ्या आणि बोगदे तयार होतात, सगळे एकाच मापाचे, सगळे नेमाने. दर ॲल्युमिनियममागे सांगाड्यावर एक ऋण भार उरतो. तो फेडायला बोगद्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम येऊन बसतात, आणि हे भाडेकरू बदलता येतात. शेतकऱ्याला जे हवंय, म्हणजे युरियाचं अमोनियम झालं की ते धरून ठेवणं, ते याच अदलाबदलीने होतं. पण तेवढंच सिलिकॉन, तेवढंच ॲल्युमिनियम घेऊन निसर्ग काचही बनवतो. ज्वालामुखीची काच. तिचं पृथक्करण जवळजवळ तेच येतं, पण आत बोगदे नाहीत, म्हणून धरणंही नाही. एकाच कणकेची पोळीही होते आणि शंकरपाळीही. कणकेचा तक्ता वाचून ताटात काय येणार ते कळत नाही.

हे मला पुस्तकातून नाही, एका ट्रकने शिकवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे ४ए चा एक लॉट आला. सिलिका बरोबर, ॲल्युमिना बरोबर, ओलावा बरोबर, पांढरेपणा उत्तम. माझ्या आधीच्या शिफ्टने 'ओके' चा शिक्का मारूनही टाकला होता. मी सवयीने कॅल्शियमची चाचणी लावली. कॅल्शियमच्या पाण्यात पावडर ढवळायची, गाळायची, उरलेलं कॅल्शियम ईडीटीए नावाच्या, कॅल्शियम पकडणाऱ्या द्रावणाने मोजायचं. एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगसूचक घातला की पाणी वाइनच्या रंगाचं होतं आणि कॅल्शियम संपलं की निळं. चांगला ४ए कोरड्या ग्रॅममागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात तीनशेच्या आसपास मिलिग्रॅम उचलतो. या लॉटने दोनशेही उचलले नाहीत. मी ब्युरेट बदलली, पुन्हा केलं, तेच. पुरवठादाराचा माणूस येऊन माझ्या टायट्रेशनवर हसला. शेवटी नमुना मुंबईला एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीला गेला, आणि कागदावर चौदा अंशाजवळ एक टोक उभं, ४ए चं नव्हे, दुसऱ्याच स्फटिकाचं. सोडालाइट.

झालं काय होतं, ते नंतर त्याच माणसाने कबूल केलं. ४ए करायची पद्धत ऐकायला सोपी आहे. सोडियम सिलिकेट आणि सोडियम ॲल्युमिनेट मिसळलं की दह्यासारखं जेल होतं. ते काही वेळ मुरवायचं, मग नव्वद-शंभर अंशाला काही तास ठेवायचं. जेल विरघळत जातं आणि ४ए चे घनाकार बारीक स्फटिक बाहेर पडतात. पण ४ए हा त्या भांड्यातला शेवटचा मुक्काम नाही. तो वाटेतला थांबा आहे. कॉस्टिक सोडा जास्त झाला, तापमान चढलं, किंवा ऑपरेटर जेवायला गेला आणि तास लांबले, की तोच ४ए पुन्हा विरघळून सोडालाइट व्हायला लागतो, कारण सोडालाइट जास्त स्थिर. त्या दिवशी म्हणे पंप बिघडला होता आणि बॅच गरम भांड्यातच पडून राहिली. धंद्यात स्फटिक 'घडवणं' म्हणजे बरंचसं हे: योग्य वेळी भांडं थांबवणं.

गंमत अशी की दोघांच्या आत वीट एकच. सोडालाइटचा पिंजरा म्हणतात तिला. असे पिंजरे चौकोनी तोंडाला तोंड देऊन, मध्ये छोटा जोड ठेवून लावले की ४ए. त्याचं दार साधारण चार अँगस्ट्रॉमचं (अणूंच्या मापाचं एकक), म्हणून तर नावात ४. षटकोनी तोंडांमध्ये जोड ठेवून लावले की एक्स आणि वाय, ज्यांची दारं सातेक अँगस्ट्रॉमची आणि ज्यांतल्या वायवर जगातल्या तेल शुद्धीकरणाचा मोठा भाग चालतो. आणि मध्ये जोड न ठेवता थेट भिंतीला भिंत लावली की सोडालाइट, दारं इतकी अरुंद की पाण्यातलं कॅल्शियम बाहेरच ताटकळत राहतं. ४ए मधलं सोडियम काढून पोटॅशियम भरलं की दार तीनवर येतं, कॅल्शियम भरलं की पाचवर. सांगाडा तोच, फक्त दारात कोण बसलंय ते बदललं. युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट मिल्टन यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी हे ए आणि एक्स पहिल्यांदा बनवले. त्याच काळात इंग्लंडमध्ये रिचर्ड बॅरर झिओलाइट प्रयोगशाळेत उगवत होते. आपल्याकडे पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) १९८० च्या दशकात एन्सिलाइट नावाचे झिओलाइट उत्प्रेरक काढले आणि ते कारखान्यात चालवून दाखवले. हे मराठी माणसाला फारसं माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

असो. गोण्यांकडे वळते.

पहिली चाचणी स्वयंपाकघरात. दोन्ही गोण्यांतले शंभर शंभर ग्रॅम खडे जुन्या लोखंडी कढईत वेगवेगळे, मोठ्या आचेवर तासभर भाजले. (खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क. का ते पुढे सांगते.) निळीचे अकरा ग्रॅम कमी झाले, पांढरीचे तीन. गरम असतानाच स्टीलच्या घट्ट डब्यात भरून गार केले. त्यातले निम्मे ताटलीत काढून रात्रभर बाल्कनीत उघडे ठेवले. बाहेर पाऊस होताच. सकाळी निळीने घालवलेलं वजन जवळजवळ सगळं परत मिळवलं होतं, पांढरी होती तिथेच. झिओलाइटचं हेच लक्षण: पाणी निघून गेलं तरी घर पडत नाही, आणि पाणी परत आलं की पुन्हा राहायला जातं. उरलेल्या निम्म्यांवर सत्तावीस अंशाचं पन्नास मिली पाणी ओतलं. निळीचा थर्मामीटर मिनिटभरात एक्केचाळीसवर गेला आणि खडे चुरचुरले. पांढरीचा एकोणतीसवर थांबला. भावाने दोन्ही वाट्यांना हात लावून पाहिला आणि पहिल्यांदा गप्प झाला.

ही चाचणी कुणीही करू शकतं. पण ती एवढंच सांगते की आत पोकळ काहीतरी आहे. कोणतं पोकळ, आणि किती, ते सांगत नाही. सिलिका जेलही पाण्याने तापतं. त्यासाठी एक्सआरडीच.

एक्सआरडी म्हणजे पुडीवर क्ष-किरण टाकायचे आणि कोन बदलत बदलत परत येणारी चमक मोजायची. स्फटिकात अणूंचे थर ठरावीक अंतरावर असतील तर ठरावीक कोनालाच चमक उसळते. कागदावर टोकांची रांग दिसते, आणि प्रत्येक सांगाड्याची रांग वेगळी. या टोकांना इंग्रजीत पीक म्हणतात, आणि त्यावरून आमच्या घरात जो गोंधळ झाला तो सांगायलाच हवा. मी लॅबच्या माणसाशी फोनवर बोलत होते, "बावीसला पीक चांगलं आलंय, पण नऊवरचं पीक दिसतच नाही." भाऊ शेजारी बसून घाबराघुबरा. बावीस तारखेला कुणाचं पीक आलं आणि नऊ नंबरच्या प्लॉटला काय झालं म्हणून.

लॅबचा अनुभव. ही खाजगी चाचणी सेवा, नाव लिहीत नाही, कारण पहिल्या फेरीत त्यांनी घोळ घातला आणि दुसऱ्या फेरीत तो नीट निस्तरला. नमुना कुरिअरने पाठवला, दर नमुन्याला नऊशे रुपये अधिक जीएसटी. पाच दिवसांत ईमेलवर अहवाल, रंगीत आलेख, वेळेच्या बाबतीत उत्तम. पण आलेख सुरू होतो दहा अंशापासून! सिमेंट, गंज, रंगद्रव्यं यांना चालतं ते. झिओलाइटच्या पोकळ्या मोठ्या, म्हणून थरांमधलं अंतर मोठं, आणि अंतर मोठं की कोन लहान. ४ए चं पहिलं टोक ७.२ अंशाला. अशा गोण्यांत जो नैसर्गिक झिओलाइट अपेक्षित असतो, त्या क्लिनोप्टिलोलाइटचं सर्वांत महत्त्वाचं ९.८ ला. दहापासून सुरुवात म्हणजे माणसाचा फोटो काढला आणि डोकं कापलं. मी फोन केला. पलीकडचा मुलगा आधी म्हणाला, "मॅडम, आमचं स्टँडर्ड रेंज हेच आहे." मग मी त्याला शांतपणे सांगितलं की पाचपासून, सावकाश, आणि पुडी दाबून सपाट न करता मागच्या बाजूने भरून चालवा. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तुम्ही काम केलंय का यात?" त्यानंतर वागणूक बदलली. दुसऱ्यांदा फुकट चालवून दिलं.

मागच्या बाजूने का, तर क्लिनोप्टिलोलाइटचे स्फटिक चपटे, पत्त्यांसारखे. वरून दाबले की सगळे आडवे पडतात आणि ९.८ चं टोक खोटं उंच दिसतं. मग विक्रेता म्हणतो बघा किती शुद्ध. तुम्ही कधी एक्सआरडी करायला दिलं तर ही एक गोष्ट विचाराच. दुसरी म्हणजे नमुन्यात मोजून कोरंडम मिसळायला सांगा. कोरंडमचं प्रमाण आपल्याला ठाऊक असतं, त्यावरून बाकीच्यांचं काढता येतं, आणि बेरीज शंभर होत नसेल तर उरलेली काच. कोरंडम घातलं नाही तर यंत्र काच मोजतच नाही, फक्त स्फटिकांची आपापसात वाटणी करून शंभर टक्के भरून दाखवतं. कितीतरी 'पंच्याण्णव टक्के' असेच जन्माला आले असतील.

निळी गोणी: ९.८, ११.२, २२.४, ३०, सगळी टोकं जागेवर. क्लिनोप्टिलोलाइटच्या घराण्याचा सांगाडा, सुमारे ६२ टक्के. बाकी क्वार्ट्झ, फेल्डस्पार, थोडी क्रिस्टोबलाइटच्या जातीची सिलिका, थोडी माती. ९८ नाही. पण खरं सांगायचं तर ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या या दगडात साठ ते नव्वद हेच वास्तव असतं. ९८ कुणी छापलं असेल तर समजा की त्याने दगड बघितला नाही, शिक्का बघितला.

पांढरी गोणी: पंधरा ते पस्तीस अंशांमध्ये एक मोठं बसकं कुबड, त्यावर फेल्डस्पार आणि २६.६ ला क्वार्ट्झची टोकं. ९.८ ला बारीकसा उंचवटा, शाई सांडल्यासारखा. कुबड म्हणजे काच. थोडक्यात, ज्या राखेचा झिओलाइट व्हायचा होता ती राख, पण झाला नाही. हजारो-लाखो वर्षं पाण्यात मुरायला हवी होती, ती मुरली नाही. वाचताना मला त्या सोडालाइटच्या लॉटची आठवण झाली. तिथे भांडं वेळेवर थांबलं नाही, इथे वेळेआधी थांबलं.

एक शंका मात्र उरली होती. ज्याने भावाला निळी गोणी विकली तो छातीठोकपणे म्हणाला होता, "हा आपल्या सह्याद्रीतलाच." आपल्या नाशिकच्या काळ्या दगडात झिओलाइट आहे हे खरंच आहे. विहीर खणताना, सुरुंग लावला की, दगडाच्या पोकळीत पांढरे-गुलाबी स्फटिक चमकतात आणि पोरं 'गारगोटी' म्हणून खिशात घालतात. पांडवलेण्याच्या डोंगराजवळच्या खाणींतले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि दुर्मीळ गूसक्रीकाइट जगभरच्या संग्राहकांकडे आहेत. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात मी काही वर्षांपूर्वी गेले होते. के. सी. पांडे यांनी उभं केलेलं ते. तिथला फिकट पीच रंगाचा, बो-टायच्या गाठीसारखा स्टिल्बाइटचा झुपका बघून मी बराच वेळ हलले नव्हते. सव्वीस वर्षं ज्याला मी पांढरी पूड म्हणून चिमटीत धरलं, त्याचा भाऊबंद असा दिसतो! (हिरवा ॲपोफिलाइटही तिथे आहे, पण तो झिओलाइट नव्हे, नुसता सोबती. संग्रहालयात न जाता फोटो बघणाऱ्यांची इथे हमखास चूक होते.) पण हे स्फटिक बेसॉल्टच्या पोकळ्यांत एकेक सापडतात, छिन्नीने काढतात. गोणी भरायला लागतो तो राखेचा दगड, डोंगरच्या डोंगर.

आमच्या आजोळच्या विहिरीतला असा एक स्टिल्बाइटचा तुकडा भावाने लहानपणापासून जपलाय. मी त्याची कपची चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर नेली. ती फुलली, फेसाळली, पांढरी झाली. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये असाच दगड तापवला, तो उकळल्यासारखा दिसला म्हणून ग्रीक शब्दांवरून नाव ठेवलं, उकळणारा दगड. झिओलाइट. भाऊ म्हणाला, "म्हणजे हा आपला खरा." आणि माझ्या हातातून उरलेला तुकडा काढून घेतला.

तर निळी गोणी सह्याद्रीतली, म्हणजे आपल्या ह्यूलँडाइटची, की बाहेरच्या क्लिनोप्टिलोलाइटची? दोघांचा सांगाडा एकच, एक्सआरडीत टोकं जवळपास त्याच जागी. फरक सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या प्रमाणात. चारच्या वर क्लिनोप्टिलोलाइट, खाली ह्यूलँडाइट, असं १९९७ मध्ये ठरलेलं नामकरण. गोणीवरच्या तक्त्यावरून हिशेब केला तर ४.८ येतो, पण त्यात क्वार्ट्झची सिलिकाही मिसळलेली, म्हणून तो आकडा सांगाड्याचा नव्हे. सांगाड्याचा खरा आकडा सिलिकॉनच्या घन एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूचे शेजारी ओळखायच्या चाचणीने, निघतो. प्रत्येक सिलिकॉनच्या शेजारी किती ॲल्युमिनियम बसलेत ते वेगवेगळं दिसतं. दोन ॲल्युमिनियम कधी लगतचे शेजारी होत नाहीत, लोवेनश्टाइन यांचा १९५४ चा नियम, म्हणून गणित जुळतं. पण त्याला पैसे लागतात, आणि ते मी एका गोणीसाठी घालणार नाही. त्याऐवजी जुनी युक्ती: पुडी रात्रभर ४५० अंशाला भट्टीत ठेवायची आणि पुन्हा एक्सआरडी. ह्यूलँडाइटचा सांगाडा कोसळतो, क्लिनोप्टिलोलाइटचा टिकतो. लॅबने तीनशे रुपये जास्त घेतले. ९.८ चं टोक दुसऱ्या दिवशी जागेवर, जवळजवळ तेवढंच उंच. क्लिनोप्टिलोलाइट. म्हणजे 'आपल्या सह्याद्रीतला' ही थाप. माल खरा, गाव खोटं.

मास्कचं कारण. झिओलाइटच्या घराण्यात एरिओनाइट नावाचा एक आहे, लोकरीसारख्या बारीक तंतूंचा. तुर्कस्तानात कप्पाडोकियाच्या काही गावांत घरं त्याच दगडाची, आणि तिथे फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने माणसं गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तो पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चित घातक, असा ठेवलाय. सिलिका-ॲल्युमिनाचा तक्ता वाचून तो ओळखू येत नाही, एक्सआरडीत येतो. निळ्या गोणीत तो नव्हता, ते मी मुद्दाम विचारून घेतलं. शिवाय क्वार्ट्झची धूळ आहेच. बागेत गोणी वाऱ्याच्या दिशेला उभं राहून उधळणारे मजूर मी पाहिलेत. निदान ओलं करून टाका हो.

कामाचं काय, ते सांगते. मत्स्यालयाच्या दुकानातून अमोनियाची किट आणली, अमोनियम सल्फेटच्या पातळ द्रावणात दोन्ही खडे वेगवेगळे रात्रभर ठेवले. निळीच्या बाटलीतला रंग गडद हिरव्यावरून पिवळसर झाला, पांढरीच्या बाटलीत हिरवा तो हिरवाच. पण म्हणून साडेचार एकराला निळी गोणी टाका असं मी भावाला सांगितलं नाही. आपली काळी जमीन मुळातच चिकणमातीची, धन आयन धरून ठेवण्यात तरबेज. तिच्यात झिओलाइट घालणं म्हणजे गोदावरीत तांब्याने पाणी ओतणं. मुरमाड चढावर मात्र युरिया पाण्याबरोबर खाली जातो, तिथे उपयोग होईल असं वाटतं. तेही बोदाच्या (वेलीखालच्या मातीच्या वरंब्याच्या) आत, मुळांजवळ, शेणखतात मिसळून, वर उधळून नाही.

आणि निळ्या गोणीवर '२०२१ च्या ऑक्सिजन प्लांटमधलं तंत्रज्ञान' असंही छापलंय. त्या प्लांटमध्ये झिओलाइट होता हे खरं. हवेतला नायट्रोजन तो जास्त घट्ट धरतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. त्या मे महिन्यात एअर इंडियाच्या विमानांनी झिओलाइट रोमहून बंगळुरूला आणला होता. पण तो ठरवून बनवलेला कृत्रिम झिओलाइट, सांगाडा वेगळा, दारं वेगळी. त्या दिवसांत नाशिकमध्ये ज्यांनी सिलिंडरसाठी रांगा लावल्या त्यांच्यासमोर हे छापायला जीभ कशी रेटली कुणास ठाऊक. यासाठी मी निळीचा अर्धा तारा कापलाय.

तर तारे: निळी तीन. पांढरीला एकही नाही. लॅबला चार, आणि दहा अंशाची सवय सोडली तर पाच.

भाऊ पांढरी गोणी परत करायला गेला, आलेखाची प्रिंट घेऊन. दुकानदाराने कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, "भाऊ, गोणी फोडली की परत नाही. आणि हा कागद कुठल्या बँकेचा?" मी दोन्ही कंपन्यांना ईमेल केली की गोणीवर रासायनिक तक्त्याऐवजी एक्सआरडीचा आलेख आणि झिओलाइटची टक्केवारी छापा. निळ्यावाल्यांनी उत्तर दिलं, "सूचनेबद्दल आभार." पांढऱ्यावाल्यांचा पत्ताच चुकीचा निघाला.

ऑक्टोबरच्या छाटणीआधी भावाने मुरमाड भागातल्या वीस ओळींना निळी टाकली आणि शेजारच्या वीस तशाच ठेवल्या, ते मी सांगितल्यावर. पानांच्या देठाची तपासणी आली की इथेच खाली लिहीन. पांढरी गोणी पंपाच्या खोलीच्या दारात ओतलीय. तिथे चिखल फार होतो.